तिचं काम किरणांचं

रुग्णालयातल्या एक्स-रेच्या खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक होता. सकाळचे आठ वाजायच्या आत तो भरून जाई आणि मागून येणारे भिंतीला पाठ लावून उभे राहत. त्या दिवशीही तसंच होतं. कुणाचा हात मोडलेला, कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या छातीत कफ साठलेला. आत एक्स-रेवाल्या बाई शिशाचा जड अंगरखा चढवून एकेकाला बोलावत होत्या. वीस वर्षं त्या हे काम करत आल्या होत्या. दुखरा हात न दुखवता कसा ठेवायचा, रडक्या पोराला दोन क्षण गप्प कसं करायचं, म्हाताऱ्या माणसाची हनुवटी किती वर उचलायची, हे सगळं त्यांच्या हाताला पाठ होतं.

आत आलेल्या प्रत्येक बाईला त्या आधी एक गोष्ट विचारत. "दिवस गेलेले नाहीत ना?" विचारणं त्यांच्या कामाचा भागच होता. पोटात बाळ असेल तर फोटो शक्यतो पुढे ढकलायचा किंवा डॉक्टरांना विचारायचं, असा नियम. बायका लाजत, हसत, कुणी हिशेब करत बोटं मोजत. आणि मग तोच प्रश्न फिरून बाईंकडे येई.

"तुम्हाला किती हो मुलं?" मनगट मोडलेल्या एका आजीबाईंनी त्या दिवशी विचारलं.

"नाहीत."

"अरेरे. होतील हो. माझ्या भाचीला चाळिशीत झालं."

"हात हलवू नका, आजी," बाई म्हणाल्या.

दुपारी बरोबरचा तंत्रज्ञ सुट्ट्यांचा तक्ता घेऊन आला. तो मनानं वाईट नव्हता, पण त्याला तीन मुलं होती आणि त्या तिघांचा उल्लेख आला की त्याचं कुठलंही म्हणणं आपोआप रास्त ठरत असे. "बाई, शाळेला सुट्टी लागते आहे. पोरं कधीची मागे लागलीत. तुम्ही माझे आठ दिवस घ्याल ना? तुमचं काय, तुम्ही मोकळ्या."

बाईंनी सही केली. हे त्यांना वीस वर्षं ऐकायची सवय होती. मोकळी म्हणजे रिकामी, असा अर्थ लोकांनी परस्पर लावून टाकला होता. त्यांनाही एखाद्या सुट्टीत नुसतं खिडकीशी बसून पुस्तक वाचायचं असेल, नवऱ्याबरोबर कुठे चार दिवस जायचं असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. आलं असतं तरी ते कारण तक्त्यात लिहिण्यासारखं नव्हतं.

घरी त्यांना थोरली म्हणत. ही गोष्ट घरातलीच असल्यामुळे आपणही तिला थोरलीच म्हणू.

घर दोन मजली. खाली सासूबाई, धाकटा दीर आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको राहत. वर दोन खोल्यांत थोरली आणि तिचा नवरा. नवरा भूमापन कचेरीत नकाशे काढत असे. मऊ बोलणारा, कुणाशी कधी वर्दळीवर न येणारा माणूस. चौदा वर्षांपूर्वी लग्न ठरत असताना रुग्णालयासमोरच्या चहाच्या दुकानात बसून थोरलीनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मला मूल नको आहे. मुलं मला आवडतात. पण स्वतःचं असावं असं कधी आतून वाटलंच नाही. वाटेल म्हणून थांबू नकोस. आत्ताच विचार कर."

त्यानं विचार करायला वेळही घेतला नव्हता. वडील गेले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. दोन बहिणी आणि एक भाऊ त्यानंच वाढवले होते. त्यांच्या शाळा, त्यांची आजारपणं, एका बहिणीचं लग्न. "माझं बाप होणं एकदा होऊन गेलंय," तो म्हणाला होता. "मलाही नको." आणि उठता उठता, "आईला मी सांगेन. तो माझा प्रश्न."

ते त्यानं सांगितलं नाही. पहिल्या वर्षी म्हणाला, आत्ताच कशाला. दुसऱ्या वर्षी आईचा रक्तदाब वाढला होता. तिसऱ्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्याच्या भिडेपायी ज्या हालअपेष्टा आल्या त्या मात्र थोरलीच्या वाट्याला आल्या. सासूबाई तिला या वैद्याकडे, त्या डॉक्टरकडे धाडू लागल्या. कसलीकसली कडू चूर्णं जिन्यापर्यंत पोचत. ती घेऊन थोरली वर जाई आणि नळाखाली ओतून देई. तिच्या नवऱ्याला कुणी एकदाही डॉक्टरकडे पाठवलं नाही.

मग कधीतरी गल्लीत एक बोलणं सुरू झालं, की हिची कूस किरणांनी जळली. दिवसरात्र त्या यंत्रापाशी, दुसरं काय होणार. थोरलीनं ते ऐकलं तेव्हा ती आधी हसली. अंगावर लावायचा तो छोटा बिल्ला, जो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि किती किरणं लागली ते सांगतो, त्याचे कागद तिनं आणून सासूबाईंना दाखवले. सासूबाईंनी कागद उलटे धरून परत दिले. हे पिल्लू शेजारणीनं सोडलं असणार, अशी थोरलीची खात्री झाली, कारण तीच एक वाचाळ होती. तेव्हापासून तिनं शेजारणीशी बोलणं टाकलं. वाटेत भेटली तरी मान वळवून जाई. गल्लीत गप्पा मारायला तेवढं एकच माणूस होतं, तेही गेलं.

रविवारी नणंदा मुलांना घेऊन येत. घर गजबजून जाई. स्वयंपाकघरात बायकांच्या गप्पा चालत: कुणाचे दात पडले, कुणाला गणित जमत नाही, कुठली शाळा बरी. थोरली चिरणं-निवडणं करत ऐकत राही. एकदा तिनं मुलाच्या खोकल्यावर काही सुचवलं तर मोठी नणंद हसून म्हणाली, "वहिनी, तुला नाही कळायचं ते." वीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या बाईला खोकला कळायचा नाही, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. जेवणं झाली की फोटो काढायची टूम निघे. एकेक जोडपं आपापल्या मुलांना पुढे घेऊन उभं राही. "वहिनी, तूच काढ. तुझं कामच ते." घरातल्या साऱ्या फोटोंमध्ये थोरली नव्हती, कारण ते सगळे तिनंच काढले होते.

नणंदेच्या तान्ह्या मुलीला तिनं एकदा मांडीवर घेतलं होतं. सासूबाई आल्या, म्हणाल्या, "दे इकडे, झोपेल ती आता," आणि उचलून घेऊन गेल्या. पोर टक्क जागी होती. त्यानंतर थोरलीनं आपणहून कुणाचं मूल घेतलं नाही.

नवरा हे सगळं बघत असे. वर आल्यावर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "जाऊ दे. आपलेच दात, आपलेच ओठ." खोलीत ती दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. खाली चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करी. तेवढा एक जिना उतरला की त्यांच्यातलं सगळं खरं वरच राहून जाई.

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीला बरं वाटलं. हसरी, जरा भित्री, पण जीव लावणारी मुलगी. "ताई, ताई" करत वर येऊन बसायची. तिला मूल फार हवं होतं. बाजारात इवले मोजे दिसले की हातात घेऊन उभी राहायची. दोन वर्षं झाली तरी काही नव्हतं, आणि सासूबाईंच्या नजरेत काळजी दिसू लागली होती. थोरलीला ती नजर ओळखीची होती.

आणि गेले तीन महिने धाकटी खोकत होती.

प्रथम थोरलीला ते वरच्या मजल्यावरून नुसतं ऐकू आलं. सकाळी नळ सुरू व्हायच्या आधी एक उबळ, संध्याकाळी एक. मग तिनं पाहिलं की धाकटीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. एका संध्याकाळी तिनं सहज हात धरल्यासारखं करून पाहिलं. अंग कोमट होतं.

"रोज संध्याकाळी असं होतं?"

"थोडंसं. थकवा असतो ताई."

"जेवण?"

"जात नाही."

थोरलीनं त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, "आई, उद्या धाकटीला माझ्याबरोबर पाठवा. छातीचा फोटो काढू. मला लक्षण बरं वाटत नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरचं औषध चालू आहे तिला."

"दोन बाटल्या संपल्या. फरक नाही."

"संपू दे. तिसरी आणू. त्या खोलीत मी तिला पाठवणार नाही." आता त्यांनी वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, समजावणी होती. "अगं, तू तुझं नशीब समजून गेलीस. पण तिला अजून दिवस आहेत. एकीची कूस जळली तेवढी पुरे."

"फोटो नको तर नको. नुसती थुंकी तपासून घेऊ. त्याला किरणं लागत नाहीत."

"तिथे नेलं की ते फोटो काढणारच. त्या दवाखान्याची पायरीच नको."

दीर बाजूला वायर सोलत बसला होता. वीजजोडणीची कामं करणारा, हाताचा कुशल, पण घरात आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. "आई म्हणते तर राहू दे वहिनी थोडे दिवस," तो म्हणाला.

थोरली वर आली. नवरा टेबलाशी बसून नकाशावर बारीक रेघ ओढत होता. ती त्याच्यासमोर बसली आणि रेघ पूर्ण होईपर्यंत थांबली.

"आता तुला सांगावं लागेल," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्यालाच मूल नको होतं, म्हणून झालं नाही, हे. किरणांचा काही संबंध नाही, हे. मी शंभर वेळा सांगितलं तरी आई म्हणणार, ही आपलं झाकते आहे. तू एकदा सांगितलंस तर ऐकतील. धाकटीला टीबी असेल अशी मला भीती वाटते."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "टीबी? एकदम टोकाचं बोलू नकोस."

"मी रोज पाहते रे."

"सांगतो. वेळ बघून सांगतो. चौदा वर्षांनी असं अचानक म्हणजे..."

"कधी?"

"या आठवड्यात."

तो आठवडा गेला. पुढचा गेला. तो खाली जाऊन आईच्या खोलीच्या दाराशी दोनदा उभा राहिल्याचं थोरलीनं पाहिलं. दोन्ही वेळा तो आत जाऊन पाण्याची टाकी भरली का ते विचारून आला. तिसऱ्या आठवड्यात धाकटी वर यायची बंद झाली. तिला जिना चढवत नव्हता.

त्या रविवारी नणंदा मुलांसकट आल्या होत्या. सगळे जेवायला बसले. धाकटी वाढत होती. मध्येच तिला ठसका लागला, तोंडावर पदर धरून ती मागच्या नळाकडे गेली. थोरली उठून तिच्या मागे गेली. नळाच्या कुंडीत गुलाबी फेस होता आणि धाकटी घाईघाईनं त्यावर पाणी ओतत होती.

"किती दिवसांपासून?"

"चार. ताई, कुणाला सांगू नका. आई म्हणतील, ही पण..."

थोरलीनं तिला तिथेच पायरीवर बसवलं आणि परत आत आली. ती जेवायला बसली नाही.

"धाकटीच्या खोकल्यातून रक्त पडतंय. उद्या मी तिला रुग्णालयात नेणार आहे."

दीर अर्ध्या घासावर थांबला. सासूबाई म्हणाल्या, "उष्णतेनं पडतं कधीकधी. फोटो काढायचा नाही, हे मी आधीच सांगितलंय."

"आई, माझी कूस जळलेली नाही. माझ्यात काही दोष आहे की नाही हे मला माहीतही नाही, कारण मी कधी तपासलं नाही. मला मूल नको होतं. आम्हा दोघांनाही नको होतं. लग्नाआधी आम्ही ठरवलं होतं."

मोठी नणंद हसली, मग कुणी हसत नाही असं पाहून म्हणाली, "असं कुणी ठरवतं का वहिनी?"

"आम्ही ठरवलं."

धाकटीच्या जागी वाढायला घेतलेलं भांडं सासूबाईंनी खाली ठेवलं. "स्वतःचं झाकायला नवऱ्याला पुढे करू नकोस. किरणांचं मला काही बाहेरच्यांनी सांगितलेलं नाही. माझ्या मुलानं सांगितलंय. इथे, या खोलीत. तुमच्या लग्नाचं तिसरं वर्ष होतं. मी विचारलं, का रे बाबा, अजून काही कसं नाही, तर म्हणाला, तिचं काम किरणांचं आहे आई, त्याला कोण काय करणार."

थोरली नवऱ्याकडे वळली. त्या क्षणी तिला शेजारीण आठवली. अकरा वर्षं तिला पाहून मान वळवली होती.

"तू असं म्हणालास?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला सगळ्यांदेखत तू म्हटलं होतं. नणंदांना तिच्या बोलण्यापेक्षा त्या 'तू'चाच धक्का बसला असावा. नवरा ताटातल्या उरलेल्या शितांची बोटानं रांग लावत होता.

"आई सारखी विचारत होती," तो हळू म्हणाला. "मी आपलं तेवढ्यापुरतं..."

"आणि नको होतं ते? ते सांग आता."

त्यानं तोंड उघडलं. मग मुलांकडे पाहिलं, बहिणींकडे पाहिलं, आईकडे मात्र पाहिलं नाही. "आता जेवताना कशाला," तो म्हणाला.

सासूबाईंनी भांडं उचललं आणि वाढायला सुरुवात केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती थोरलीला त्या घरात चौदा वर्षं रोज थोडी थोडी दिली गेली होती. दोर कुणी वळला, ते आज कळलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी धाकटीला तिच्याबरोबर जाऊ दिलं नाही. थोरली एकटीच बॅग भरून रुग्णालयाच्या कर्मचारी निवासात राहायला गेली. नवरा दारात उभा होता. "अगं, पण असं..." एवढंच म्हणत राहिला. जाताना तिनं धाकटीला खिडकीतून सांगितलं, "मी सकाळी आठ ते दोन तिथेच असते. तुला कुणी आणायची गरज नाही. बस दारावरून जाते."

निवासातली खोली म्हणजे एक खाट, एक टेबल, एक खिडकी. भिंतीपलीकडे एका परिचारिकेचं कुटुंब राहत होतं. संध्याकाळी तिथून मुलांच्या अभ्यासाचा, भांडणाचा, जेवायला बोलावण्याचा आवाज येई. थोरलीला त्या मुलांचा हेवा वाटला नाही. आपल्याला मूल असतं तर, असं तिच्या मनात आलं नाही. तिला आठवत होती ती चहाच्या दुकानातली संध्याकाळ. जगात आपल्यासारखं आणखी एक माणूस आहे असं तिला त्या दिवशी वाटलं होतं, आणि त्या एका गोष्टीच्या जोरावर तिनं बाकी सगळं सोसलं होतं. एकटी ती आजवर अनेकदा पडली होती. पण तेव्हा वर येऊन कुणाला तरी सांगता येत असे.

धाकटी चौथ्या दिवशी आली. एकटीच. बाजारात जाते असं सांगून निघाली होती, हातात रिकामी पिशवी होती. बसथांब्यापासून दारापर्यंत येताना तीनदा थांबावं लागलं, असं ती म्हणाली. थोरलीनं तिला रांगेच्या पुढे घेतलं आणि खोलीचं दार लावलं.

"दिवस गेलेले नाहीत ना?"

"नाहीत. परवाच कळलं." धाकटीचे डोळे भरून आले. मग तिनं विचारलं, "ताई, खरंच तुम्हाला नको होतं?"

"खरंच."

"भावजींनाही?"

"त्यांनाही."

"मला कळत नाही. मला तर इतकं हवंय, ताई, की कधीकधी..." ती थांबली. "पण तुम्ही माझ्याशी खोटं बोलणार नाही."

"तुला हवंय ना, मग आधी तू बरी हो," थोरली म्हणाली. "इथे छाती टेक. हात कमरेवर. अशी."

फोटो पाहायला तिला डॉक्टरांची गरज लागली नाही. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी पडली होती. थुंकीच्या तपासणीनं उरलीसुरली शंका फेडली. डॉक्टरांनी धाकटीला त्याच दिवशी वॉर्डात ठेवून घेतलं आणि थोरलीला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या घरातली ना ही? मग इतका उशीर कसा? तीन महिन्यांपूर्वी आली असती तर घरी गोळ्या घेऊन भागलं असतं." धाकटी पुढे बरी झाली. पण त्याला वर्ष लागलं, आणि फुप्फुसाचा तो भाग कायमचा निकामी झाला. जिना चढताना तिला आजही मध्ये थांबावं लागतं.

दीर धावत आला तो सरळ वॉर्डात गेला. नवरा एक्स-रेच्या खोलीशी आला. थोरलीनं काही न बोलता धाकटीचा फोटो दिव्याच्या पाटीवर लावला आणि पोकळीभोवती बोट फिरवून दाखवलं. नकाशे काढणाऱ्या माणसाला सीमा समजावून सांगायची गरज नव्हती.

"मी तेव्हा फक्त विषय टाळायला म्हणालो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मला वाटलं, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही."

"माझं बिघडत होतं. ते तुला दिसत होतं. माझं बिघडलेलं चालण्यासारखं होतं, एवढंच."

तो स्टुलावर बसला. तिनं त्याला पाणी दिलं. पण ती घरी येते म्हणाली नाही आणि त्यालाही घरी चल म्हणायचा धीर झाला नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो निवासावर आला. खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "आईला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळं. मलाही नको होतं, किरणांचं मी खोटं बोललो, सगळं. भाऊही होता समोर."

"मग?"

"आई म्हणाली, हे तुला तिनं पढवून पाठवलंय."

थोरलीला हसू आलं, त्यात आनंद नव्हता. "मग तू काय केलंस?"

"काय करणार. निघून आलो."

"परत जा आणि पुन्हा सांग. अकरा वर्षं त्यांनी एक गोष्ट खरी मानली. ती तू सांगितली होतीस म्हणूनच मानली. आता एका बैठकीत कशी उतरेल? उद्या सांग, परवा सांग. बहिणींना सांग. शेजारणीलाही सांग, तिची मी माफी मागणार आहे."

"आणि तू घरी कधी येशील?"

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

तो गेला. पुढच्या रविवारीही आला, त्याच्या पुढच्याही. काय बोलणं झालं ते सांगे, चहा पिई आणि शेवटच्या बसच्या बऱ्याच आधी उठे. ती त्याला थांबवत नसे. खिडकीतून त्याची पाठमोरी आकृती दिसे, तेव्हा आत काहीतरी हलत असे, पण ते पूर्वीच्या जागी बसत नसे.

टीबीचा रोगी घरात सापडला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागते. रुग्णालयाची चिठ्ठी घरी गेली. दीर आला, नवरा आला, आणि एका सकाळी सासूबाई येऊन बाकावर बसल्या. रांगेत बसायची त्यांना सवय नव्हती. बाजूला पाच-सहा बायका होत्या. थोरलीनं त्यांना आत घेतलं.

चौदा वर्षांत सासूबाईंनी ती खोली पाहिली नव्हती. यंत्राकडे त्या चोरासारख्या बघत होत्या. थोरलीनं त्यांचा पदर नीट केला, गळ्यातली साखळी काढून बशीत ठेवली, खांदे पुढे वळवले. सासूबाईंच्या अंगाला इतक्या जवळून तिचा हात कधी लागला नव्हता. खांदे मुलीच्या खांद्यांसारखे लहान होते.

"त्यानं मला सांगितलं," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "चारदा सांगितलं."

थोरली थांबली.

"मला पटत नाही. पोटचा गोळा नको वाटतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. या जन्मी शिरायचंही नाही." त्यांनी श्वास घेतला. "पण तो लहानपणापासून खोटं बोलताना माझ्याकडे बघत नाही. या वेळी बघून बोलत होता."

थोरलीनं फोटो काढला, साखळी परत गळ्यात घातली, आणि सांगितलं की निकाल उद्या मिळेल, पण बघितल्यावर काळजीचं काही वाटत नाही.

सासूबाई बाहेर गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. बाकावरच्या एका तरुण मुलीनं त्यांना दबक्या आवाजात विचारलेलं थोरलीला आतून ऐकू आलं. "आजी, यानं पुढे काही होत नाही ना? म्हणतात, आतल्या बाईंनाही त्याच्यामुळेच मूल नाही."

सासूबाईंनी वहाणा पायात सरकवल्या.

"काही होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझी सून आहे ती. तिचं कारण वेगळं आहे."

एवढंच. कोणतं कारण, ते काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांच्या वहाणांचा आवाज लांब गेला, आणि बाकावर कुजबुज सुरू झाली: नवऱ्यात असेल, रक्तात असेल, मागच्या जन्मीचं असेल. साप म्हणून भुई धोपटायला लोकांना किती वेळ लागतो.

थोरली अंगरख्याचे पट्टे बांधत उभी होती. दार लावून घेणं सोपं होतं. चौदा वर्षं तिनं तेच केलं होतं. कागद दाखवले होते, बिल्ला दाखवला होता, पण ते एक वाक्य बाहेरच्या माणसांसमोर कधी उच्चारलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी ते आपल्यासाठी म्हणावं याची वाट बघत राहिली होती.

तिनं दार पूर्ण उघडलं. बाकावरचे सगळे चेहरे तिच्याकडे वळले.

"किरणांनी काही झालेलं नाही," ती म्हणाली. "नवऱ्यात दोष नाही, नशिबात नाही. मला मूल नको होतं, म्हणून झालं नाही. फोटो काढायला कुणी घाबरू नका."

एका बाईनं आपल्या मुलाला जरा जवळ ओढलं. त्या तरुण मुलीनं मान खाली घातली, मग पुन्हा वर करून पाहिलं.

"चला," थोरली म्हणाली. "पुढचं कोण?"